सेकंदाला पन्नास टोले: रास्पबेरी पायवर जीपीएसची पल्स कुठे बिघडते

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी भाचा काखेत प्लास्टिकचा डबा मारून घरी आला. कूलरसमोर खुर्ची ओढली, डबा उघडला, लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, "मामा, पल्स येऊन राहिली, पण खूपच येऊन राहिली."

पल्स म्हणजे जीपीएसच्या मॉड्यूलमधून येणारा विजेचा टोला. सेकंदाला एक यायला हवी होती. खूपच म्हणजे किती, असं विचारलं तर साहेबांनी मोजलंच नव्हतं. मग मोबाईलवर घड्याळ लावून मोजायला बसवलं. दहा सेकंदांत पाचशेच्या आसपास. म्हणजे सेकंदाला पन्नास. हा आकडा ऐकल्यावर मला डब्यात डोकावायची गरजच उरली नाही. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा वरखाली होते. त्या डब्याला ऐकू येत होता तो उपग्रहाचा टोला नव्हताच, आमच्या भिंतीतल्या वायरिंगची गुणगुण होती.

या विषयात मला एकच सांगायचं आहे. पल्स बिघडली की हात लावण्याआधी चूक मोजा. सेकंदाला पन्नास, अजिबात शून्य, सेकंदाचा दहावा भाग, पूर्ण एक सेकंद, अठरा सेकंद: प्रत्येक दोषाचं माप वेगळं असतं आणि त्या मापातच त्याचा पत्ता असतो. २०२४ च्या मेमध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते ते आठवत असेल. आपलं ऊन कितीही बदनाम असलं तरी तो आकडा बघूनच जाणत्यांनी मान हलवली, आणि पुढे सेन्सरच बिघडलेला निघाला. पल्सचंही तसंच आहे.

आधी हा खटाटोप कशासाठी ते सांगतो. भाच्याच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर आणि खामला इथल्या तीन गच्च्यांवर तीन डबे आहेत. प्रत्येकात एक माइक आणि एक रास्पबेरी पाय, म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढ्या पाटीवर मावलेला कॉम्प्युटर. कुठे सुतळी बॉम्ब फुटला की तिन्ही डब्यांनी तो कधी ऐकला ते टिपायचं आणि वेळेच्या फरकावरून जागा काढायची. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. घड्याळ एक मिलिसेकंद चुकलं तर जागा ३५ सेंटिमीटरनं चुकते, ते चालेल. शंभर मिलिसेकंद चुकलं तर ३५ मीटर. म्हणजे आपल्या फाटकापाशी फुटलेला बॉम्ब मागच्या गल्लीतल्या लोकांच्या नावावर.

पायचं स्वतःचं घड्याळ या कामाचं नाही. पाय ४ पर्यंतच्या पाट्यांत वीज गेल्यावर वेळ जपणारं घड्याळच नसतं. वीज असतानासुद्धा घड्याळाचा ठेका धरणारा आतला क्रिस्टल दहा लाखांत एका भागानं जरी सरकला, तरी दिवसाला ८६ मिलिसेकंदांचा फरक पडतो. इंटरनेटवरून वेळ घेता येते, पण गच्चीवर मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून येणारी वेळ डुलत डुलत येते. जीपीएसच्या उपग्रहांत मात्र अणुघड्याळं बसवलेली असतात, आणि त्या घड्याळांचा टोला काही शे रुपयांच्या मॉड्यूलमधून फुकट ऐकता येतो.

हे मॉड्यूल आपल्याला दोन वेगवेगळ्या गोष्टी देतं, आणि बहुतेक घोळ या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतो. शाळा आठवा. तास संपला की घंटा वाजते. घंटा अगदी वेळेवर वाजते, पण मुकी असते. आता इतिहास आहे की गणित, हे ती सांगत नाही. ते सांगायला चपराशी सूचनेची वही घेऊन येतो. वहीत तारीख, वार, सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं, पण तो वाटेत कोणाशी बोलत थांबेल याचा नेम नसतो. जीपीएस मॉड्यूलची पल्स ही घंटा. दर सेकंदाच्या आरंभी एका पिनवरचा व्होल्टेज शून्यावरून ३.३ वर उडी मारतो, बस. आणि सिरीयल वायरीवरून येणारी एनएमईए नावाची वाक्यं, म्हणजे चपराशाची वही.

चपराशी उशिरा का येतो, याचाही हिशेब आहे. या मॉड्यूलची सिरीयल लाइन सहसा ९६०० बॉडवर चालते, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. दर सेकंदाच्या वाक्यांची मोळी चारपाचशे अक्षरांची असली, तर ती नुसती पोचायलाच अर्धा सेकंद लागतो. शिवाय आकाशात जास्त उपग्रह दिसले की त्यांची यादी लांबते आणि मोळीही जड होते. म्हणजे उशीर रोज सारखा नसतो. म्हणूनच नुसत्या वाक्यांवर घड्याळ लावलं तर ते शेकड्यानं मिलिसेकंद हलतं. क्षण घंटेचा घ्यायचा आणि नाव वहीतलं.

आता त्या पन्नासाकडे. बाजारात निओ-६एम चिपचं जे निळं मॉड्यूल सर्रास मिळतं, त्यातल्या पुष्कळांवर बाहेर चारच पिना काढलेल्या असतात: वीज, ग्राउंड आणि दोन सिरीयलच्या. पल्सची पिन बाहेर काढलेलीच नसते. चिपच्या आतून ती फक्त एका छोट्या एलईडीपर्यंत नेलेली असते. म्हणून पोरं त्या एलईडीच्या टोकाला बारीक वायर सोल्डर करतात. भाच्यानंही केली होती आणि ते सोल्डर कच्चं निघालं. मॉड्यूलवरची एलईडी छान लुकलुकत होती, वायर वरवर बघता जोडलेली होती, पण आत सांधा सुटला होता.

सुटलेली वायर गप्प बसायला हवी, मग ती पन्नास वेळा का बोलली? इनपुट म्हणून ठेवलेली पिन जवळजवळ करंटच घेत नाही. तिला हलवायला इतकी कमी ताकद लागते की एक टोक हवेत असलेली वितभर वायर अँटेनासारखी वागते आणि शेजारच्या वायरिंगमधून विजेची लय उचलते. वायरीला नुसता हात लावला तरी मोजणी बदलते, कारण आपलं शरीरही त्याच खोलीत उभं आहे. यावर उपाय म्हणजे पिनला आतून एका मोठ्या रेझिस्टरनं ग्राउंडकडे ओढून ठेवणं, ज्याला पुल-डाउन म्हणतात. पायच्या चिपमध्ये तो साधारण ५० किलोओहमचा असतो. गंमत अशी की पाय चालू होताना ९ ते २७ नंबरच्या जीपीआयओंना, म्हणजे बाहेरच्या वायरी जोडायच्या पिनांना, तो आपोआप लागतो, पण पल्ससाठीचा ड्रायव्हर, म्हणजे पल्स ऐकणारा छोटा प्रोग्राम, चढवला की त्याची मूळ सेटिंग "पुल बंद" अशी आहे. म्हणजे आपण मुद्दाम "डाउन" सांगितलं नाही, तर पिन लोंबकळत राहते. सांगितलं तर सुटलेली वायर निदान शून्य दाखवते. मला खोटं बोलणाऱ्या वायरीपेक्षा मुकी वायर परवडते.

सोल्डर पक्कं केलं, पुल-डाउन लावला. मोजणी आली: दहा सेकंदांत दहा, दहा, दहा, तेरा. तेरा? पुन्हा दहा, दहा. थोड्या वेळानं बारा. भाचा वैतागला. मी उठून कूलरचा पंप बंद केला, परत चालू केला. चालू करताच मोजणी दोननं पुढे उडाली.

नागपुरात उन्हाळ्यात हा दोष घरोघरी सापडावा. कूलरची मोटर आणि पाण्याचा पंप या गुंडाळीच्या वस्तू. त्यांचं बटण दाबताना आत ठिणगी पडते आणि तिचा झटका आजूबाजूच्या वायरींत उमटतो. पल्सची वायर लांब असेल आणि विजेच्या वायरीला समांतर पळत असेल, तर पिनला तो झटकाही टोलाच वाटतो. वायर आखूड केली, तिला ग्राउंडच्या वायरीचा पीळ दिला, एक्स्टेन्शन बोर्डापासून लांब नेली, झटके थांबले. कोणी अशा वेळी कपॅसिटर लावून सिग्नल "गुळगुळीत" करायला सांगतात. लावा, पण हिशेब करून. एक किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड लावलं तर पल्सची कड, म्हणजे व्होल्टेजची ती उडी, सुमारे १०० मायक्रोसेकंदांनी आळसावते. एक नॅनोफॅरड असेल तर एक मायक्रोसेकंद, ते खपून जातं.

शून्याचा दोष जास्त नेहमीचा, पण त्यात गूढ काही नाही. पल्स येतच नसेल तर ती जन्मलीच नाही, की वाटेत अडली, की दारात पोचूनही कोणी ऐकली नाही, एवढंच शोधायचं. एलईडी लुकलुकत नसेल तर ती जन्मलेली नाही. निओ-६एम मूळ सेटिंगमध्ये उपग्रहांवरून जागा पक्की झाल्याशिवाय पल्स देतच नाही. सिमेंटच्या स्लॅबखाली बसून ती येण्याची वाट पाहू नका. अँटेनाची चौकोनी मातकट बाजू आकाशाकडे करून गच्चीवर किंवा निदान खिडकीत ठेवा आणि काही मिनिटं द्या. एलईडी चालू आहे पण पायला काही कळत नाही, तर वायरीच्या पायकडच्या टोकाला मल्टिमीटर लावा. पल्स सेकंदाच्या दहाव्या भागापुरती ३.३ व्होल्टवर असते, म्हणून सरासरी ०.३३ येते, मीटर त्याच्या आसपास नाचताना दिसला की वायर ठीक. मीटर पाचकडे उडी मारत असेल तर मात्र वायर लगेच काढा. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, पाच सोसत नाहीत.

मग राहिलं दार. इथे नंबरांचा सापळा आहे. जीपीआयओ १८ म्हणजे पाटीवरची अठरावी पिन नव्हे. ती पाटीवर बारावी आहे. पाटीवरची अठरावी पिन म्हणजे जीपीआयओ २४. यात आणखी एक खोडी अशी की चालू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नव्या पल्सची नोंद करताना तिच्या नावापुढे "१२" लिहितो. भाचा खूश: "पाहा, बारावी पिन!" तसं नाही. तो आकडा सोळाच्या पटीतला आहे. जुन्या लोकांना आण्यांनी समजेल: रुपयाचे सोळा आणे, तर "१२" म्हणजे एक रुपया दोन आणे, म्हणजेच अठरा आणे. पाटीवरच्या बारा नंबराशी तो निव्वळ योगायोगानं जुळतो.

कर्नल खरंच ऐकतोय का हे बघायला एक सोपी युक्ती. पाय चालू असताना इंटरप्टांची, म्हणजे कर्नलला बाहेरून आलेल्या हाकांची, यादी उघडा; त्यात पल्सच्या ओळीपुढे मोजणी दिसते. मॉड्यूलची वायर काढा आणि ३.३ व्होल्टच्या पिनपासून एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून घेतलेली वायर त्या पिनला टेकवा. टेकवली की मोजणी वाढली पाहिजे. एकदा टेकवल्यावर पाचसातनं वाढली तरी घाबरू नका, हाताची टेकवणी थरथरती असते. वाढली म्हणजे कान शाबूत, दोष बाहेर. नाही वाढली तर ड्रायव्हर चढलेला नाही. आणि तो न चढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सेटिंगची ओळ चुकीच्या फाइलमध्ये लिहिलेली असणं. पायच्या सिस्टिमच्या बुकवर्म या आवृत्तीपासून कॉन्फिगची फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर या फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या जागी लिहिलेलं कोणी वाचत नाही.

एवढं जमल्यावर पीपीएस-टेस्ट नावाची आज्ञा दर सेकंदाला एक ओळ छापते. तिच्यात टोला पडला तेव्हा पायच्या घड्याळात किती वाजले होते ते दशांशाच्या नऊ घरांपर्यंत असतं. हे आकडे वाचायला शिकणं म्हणजे अर्धी लढाई. घड्याळ अजून जुळलेलं नसेल तर दशांशापुढे काहीही असू शकतं, त्याची चिंता नको. बघायचं ते दोन ओळींमधलं अंतर. ते दर वेळी एका सेकंदापेक्षा समजा १२ मायक्रोसेकंदांनी जास्त भरत असेल, तर पायचा क्रिस्टल दहा लाखांत १२ भाग पुढे धावतोय, एवढंच. त्यात दोष नाही, स्वभाव आहे. उन्हातला डबा तापला की हा आकडा सरकतो, रात्री परत येतो. घड्याळ जुळवणारा क्रोनीसारखा प्रोग्राम तो सांभाळून घेतो. पण अंतर कधी ३०० मायक्रोसेकंदांनी जास्त, कधी ८०० नी कमी, असं उड्या मारत असेल तर बहुधा कोणीतरी पायथनमध्ये पिन पुन्हा पुन्हा विचारून वेळ टिपतोय. ते काम कर्नलचं आहे. तो इंटरप्ट आल्याबरोबर, काही मायक्रोसेकंदांत वेळ लिहितो. पायथनचा प्रोग्राम आपली पाळी यायची वाट बघत बसतो.

इथेच काही लोक अँटेनाच्या केबलचा उशीर मोजायला घेतात. पाच मीटर केबलमध्ये सिग्नलला साधारण २५ नॅनोसेकंद लागतात. पायचा स्वतःचा कान त्याच्या शेकडोपट सुस्त आहे. सोडून द्या.

सगळ्यात चिवट दोष खामल्याच्या डब्यात होता, कारण तिथे सगळं बरोबर दिसत होतं. एलईडी लुकलुकते, मोजणी सेकंदाला एक, दशांशापुढे शून्यांची रांग. तरीही दर चाचणीत फटाका खऱ्या जागेपेक्षा खामल्याकडे सरकायचा. घोळ असा की पायचं घड्याळ त्याच पल्सवर जुळवलेलं होतं. मग ती पल्स त्याच घड्याळानं तपासली तर शून्य येणारच. इथे तिसरा साक्षीदार लागतो. क्रोनीमध्ये इंटरनेटवरचे दोनचार सर्व्हर नुसते पाहण्यापुरते जोडले, तर फरक दिसला: शंभर मिलिसेकंद. इंटरनेटची वेळ डुलते खरी, पण शंभर लपवण्याइतकी नाही.

शंभर मिलिसेकंद म्हणजे त्या मॉड्यूलच्या पल्सची रुंदी. टोला चढत्या कडेला असतो, उतरती कड तिच्यानंतर बरोबर शंभर मिलिसेकंदांनी येते. म्हणजे हा डबा घंटेचा ठोका सोडून तिचं घुमणं थांबल्याचा क्षण टिपत होता. का? मी डबा उघडून बघितला. पोरानं कुठेतरी ऐकलं होतं की पिना जळतात, म्हणून खबरदारी म्हणून मध्ये एक ट्रान्झिस्टर घातला होता. त्या जोडणीत ट्रान्झिस्टर सिग्नल उलटा करतो: वर गेलेलं खाली, खाली गेलेलं वर. चढती कड उतरती झाली आणि ड्रायव्हर चढतीची वाट बघत राहिला. घड्याळ दहावा भाग सेकंद मागे पडलं, डब्याला प्रत्येक आवाज तेवढा आधी ऐकू आल्यासारखा झाला आणि बॉम्ब त्याच्या जवळ आला. ड्रायव्हरला उतरती कड धरायला सांगता येतं. आम्ही ट्रान्झिस्टरच काढला. मॉड्यूलची पल्स मुळात ३.३ व्होल्टचीच होती.

पूर्ण एका सेकंदाची चूक असेल तर पिनेकडे बघूच नका. तिथे घंटा आणि वही यांची जोडी चुकली आहे. चपराशी टोल्यानंतर अर्ध्या सेकंदाच्या आत आला तर वहीतली वेळ त्याच टोल्याची हे कळतं. तो ०.६ सेकंदानं आला तर पुढचा टोला जवळचा वाटतो आणि सगळं एका घरानं सरकतं. त्यासाठी क्रोनीला वहीचा नेहमीचा उशीर सांगून ठेवावा लागतो. तो आधी काही तास इंटरनेटशी ताडून मोजायचा, कोणाच्या डब्यातला आकडा आपल्या डब्यात उतरवायचा नाही. मॉड्यूल बदललं, बॉड बदलला, तर पुन्हा मोजायचा. नको असलेली वाक्यं बंद केली किंवा बॉड वाढवला, तर चपराशी मुळातच लवकर येतो.

काही सेकंदांची चूक, आणि तीही चालू केल्यावर थोड्या वेळानं आपोआप मिटणारी, ही वेगळीच जात. जीपीएसची स्वतःची वेळ जगाच्या अधिकृत वेळेपेक्षा, म्हणजे यूटीसीपेक्षा, १ जानेवारी २०१७ पासून १८ सेकंद पुढे आहे. ती वजाबाकी किती करायची हे उपग्रहच सांगतात, पण त्यांचा पूर्ण निरोप साडेबारा मिनिटांचा असतो. तोपर्यंत थंड मॉड्यूल आपल्या आठवणीतला जुना आकडा वापरतं. पंधरावीस मिनिटं धीर धरा. आणि जुन्या मॉड्यूलची तारीख साडेएकोणीस वर्षांहून थोडी जास्त मागे गेली असेल, तर त्याचं कारण म्हणजे जीपीएसच्या आठवड्यांची मोजणी १,०२४ वर पुन्हा शून्य होते. शेवटची ६ एप्रिल २०१९ ला झाली. ते मॉड्यूल पल्ससाठी अजूनही चालतं, तारीख मात्र दुसरीकडून घ्या.

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तिन्ही डबे पल्सवर पक्के होते, मोजणी कूलर चालू असताना सुद्धा एकेकानंच वाढत होती, तरी नकाशावर फटाका निघेना. "मामा, प्रतापनगरचा डबा बाकी दोघांपेक्षा मागे दाखवून राहिला."

"किती?"

"मोजलं ना. बरोबर साडेपाच तास."

मी काही बोलायच्या आत पलीकडे शांतता पसरली. मग तोच म्हणाला, "राहू द्या मामा, समजलं," आणि त्यानं फोन ठेवला.